पेवातली नऊ मिनिटं

अलका,

काल तुझं बारावं झालं. आज सकाळी नानांना साताऱ्याच्या गाडीत बसवून आलो आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ही वही घेऊन आधी सोप्यात बसलो. मग गॅसवर काहीतरी ठेवलंय असं वाटलं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. काही ठेवलेलं नव्हतं. आता पुन्हा सोप्यात आलोय. उभ्यानं लिहिता आलं असतं तर उभ्यानंच लिहिलं असतं.

पोरीनं पेपरात बातमी दिली. फोटो चांगला आलाय, निळ्या काठाच्या साडीतला. तुझं वय, शाळेतली नोकरी, मागं कोण कोण, सगळं बरोबर आहे. देण्याआधी तिनं मला विचारलं होतं, “बाबा, चित्रकला शिक्षिका असं लिहिलंय. मांडणशिल्पं करायची, तेही लिहू का?” मी म्हणालो, “राहू दे. लोकांना कळायचं नाही.” दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेतला तेव्हा माझी मलाच लाज वाटली. चित्रकलेच्या बाई म्हणून तुला सगळं पलूस ओळखतं. जे छापायला हवं होतं तेच मी गाळलं.

म्हणून लिहायला बसलो, असं म्हणणार होतो. पण तेवढंच नाही. तुझ्याशी एक भांडण अर्धं राहिलंय, आणि एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. त्या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, हे मला आज स्टँडवर कळलं.

मांडणशिल्प हा शब्द आपल्या घरात कुणीच वापरला नाही. आपण नुसतं ‘मांडणी’ म्हणायचो. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, “अलका मांडणी करतीया म्हणं. भांड्याची व्हय?” तू म्हणालीस, “व्हय काकू, पण तिच्यावर भांडी ठेवायची नाहीत.” काकू गेल्यावर तू किती वेळ हसत होतीस. मी मात्र त्यांच्याच बाजूचा होतो. जिच्यावर काही ठेवायचं नाही, ती मांडणी कशाला करायची, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

आणि कळणार तरी कसं? मी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता बाहेर गेला, हे लिहिणारा माणूस मी. भोंगा झाल्यावर दोन मिनिटांनी आलेल्याला दोन मिनिटं उशीर लिहायचा, मग तो माझा साडू का असेना. “आवं, भोंगा तुमच्या पोटातच वाजतोय,” असं तू म्हणायचीस. आणि तू अशी, की शेजारच्या रानातल्या उसाच्या तुऱ्यावर ऊन कसं पडलंय ते बघत खिडकीत उभी राहायचीस आणि इकडं दूध उतू जायचं. दूध किती वेळ उतू जात होतं हेसुद्धा मी तुला सांगायचो. कसं सहन केलंस गं?

तुझी पहिली मांडणी मी जतला पाहिली. लग्नानंतरची सहा वर्षं तू तिकडच्या शाळेत होतीस, शनिवारी यायचीस आणि रविवारी संध्याकाळी परत जायचीस. तिथल्या पोरी मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, पण त्या तुला विसरल्या नाहीत. सात वर्षांमागच्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्या मल्लव्वाचा फोन आला. सासर मेंढरंवाल्यांचं. “बाई, या की वो एकदा. दिवसभर टँकरची वाटच बघत बसतोय, गप्पा तरी हुतील.” तू दोन दिवस काहीतरी कागदावर काढत होतीस. शनिवारी मला म्हणालीस, “गाडी काढा.”

गावाबाहेर लिंबाचं झाड, त्याच्याखाली घागरींची रांग आणि रांगेशेजारी बायका. तू मल्लव्वाच्या घरून काळ्या लोकरीचं सूत आणलंस. सकाळी नऊला लिंबाच्या सावलीचं टोक जिथं होतं तिथं एक खुंटी ठोकलीस, तिला सूत बांधलंस आणि त्याचं दुसरं टोक पहिल्या घागरीच्या गळ्याला. सावली हातभर सरकली की दुसरी खुंटी, दुसरी घागर. बायका आधी हसत होत्या. मग एकेक जण उठून स्वतःच सूत बांधायला लागली. दुपारपर्यंत जमिनीवर काळ्या सुताचं एवढं जाळं झालं की पाय ठेवायला जागा राहिली नाही. मल्लव्वा सूत गुंडाळायची काठी रिकामी झालेली दाखवत म्हणाली, “बाई, सूत संपलं की वो. टँकर न्हाई आला.”

तिथं एक म्हातारी होती. ती त्या जाळ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तुला म्हणाली, “हे समदं आमचं बसणं हाय व्हय?”

“हो, आजी.”

“आजच्या एका दिसाचं?”

“आजच्या एका दिवसाचं.”

“आन आमाला वाटायचं, आमी रिकाम्याच बसतोय.”

दुसऱ्या दिवशी बायका सरपंचाला हाताला धरून घेऊन आल्या आणि त्या सुतांच्या मधोमध उभा केला. म्हणाल्या, “हितं उभं राहा. टँकर येईस्तवर हलायचं न्हाई.” पुढच्या आठवड्यापासून टँकर अकराच्या ठोक्याला यायला लागला, निदान त्या उन्हाळ्यापुरता. मी कारखान्यात चार लोकांना अभिमानानं सांगितलं, आमच्या हिनं टँकरला टायमिंग लावून दिलं. तुला ते कळलं आणि तू चिडलीस.

“मी टँकरची वेळ लावायला गेले नव्हते.”

“मग कशाला गेली होतीस?”

“ती आजी काय म्हणाली, ऐकलं नाही का तुम्ही?”

ऐकलं होतं. पण मला वाटलं होतं, ते असंच बोलणं. मुद्दा टँकरचा. आपलं भांडण तिथून सुरू झालं, अलका. मी म्हणायचो, घड्याळात असते ती वेळ, बाकी सगळा भास. तू म्हणायचीस, “माणूस घड्याळात राहत नाही.” मग मी काहीतरी बोलायचो आणि तू भाजी चिरायला घ्यायचीस.

पेवाचं तुझ्या डोक्यात कधीपासून होतं मला ठाऊक नाही. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं आहेत, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं मोठं पोट. आत हळद भरून तोंड लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं टिकायची. पुरांनंतर बरीच पेवं ढासळली, कितीतरी बुजवली. भूपालआण्णांच्या जागेत एक शाबूत होतं. आण्णा हळदीचे जुने व्यापारी, मोजकं बोलणारे. त्यांनी तुला विचारलं, “आत चित्रं लावणार काय, बाई?”

“नाही आण्णा. आत बघण्यासारखं काहीच ठेवणार नाही.”

“मग माणसं बघणार काय?”

“काही नाही. नुसती बसतील.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पण त्यांनी पेव दिलं, आणि पहिल्याच दिवशी बजावलं की आत हवा कोंदते, पूर्वी माणसं दगावलेली आहेत. म्हणून आपण पाइपातून हवा सोडली. पंखा लांब ठेवला, त्याचा आवाज खाली जाऊ नये म्हणून. दर वेळी आधी कंदील उतरवून बघायचा, मगच माणूस. एका वेळी एकच, आणि पंधरा मिनिटांच्या वर नाही. हाताशी दोरी, ती ओढली की वर घंटा वाजणार.

खाली एक पाट आणि एक पितळी घागर. वर टांगलेल्या मडक्यातून तू सलाइनच्या तीन नळ्या सोडल्या होत्यास, तिन्हींचा वेग वेगळा. त्यामुळं घागरीत थेंब कधी लागोपाठ पडायचे, तर कधी पडायचेच नाहीत. वरचं झाकण लावलं की मिट्ट काळोख, मातीत मुरलेला हळदीचा वास आणि ते थेंब. माणूस वर आला की तू एकच विचारायचीस, “आत किती वेळ होता असं वाटलं?” तो सांगेल ते वहीत लिहायचीस. मला म्हणालीस, “घड्याळ तुम्ही घेऊन बसा, पंधरा मिनिटं पाळायला. पण खरी वेळ कुणाला सांगायची नाही. त्यांना जेवढी वाटली तेवढी त्यांची.”

मी हो म्हटलं. आणि मला मजा यायला लागली, हे तुला कधी बोललो नाही. एक कॉलेजचा धिप्पाड पोरगा दोन मिनिटांत घंटा वाजवून वर आला, घाम पुसत म्हणाला, “पंधरा मिनिटं तरी झालीच असतील.” एक बाई आली, घरी सासू, दोन मुलं, बँकेतली नोकरी. तिला पंधरा मिनिटं झाल्यावर मला वरून हाक मारावी लागली. वर येऊन म्हणते, “पाचच मिनिटं झाली असतील हो. अजून थोडी बसू का? घरी असं कुणी बसू देत नाही.” तू कंदील उतरवून बघितलास आणि तिला पुन्हा खाली पाठवलंस. मी घड्याळ बघत होतो आणि मला पहिल्यांदाच वाटलं, एकतीस वर्षं मी नक्की काय लिहीत होतो?

पण हे वाटलं आणि गेलं. सवय कुठं जाते?

तिसऱ्या रविवारी नाना आले. तुझे वडील, ब्याऐंशी वर्षांचे, कोरेगावहून एकटे एसटीनं. पलटणीतून सुभेदार होऊन आलेला माणूस, शिडी उतरायला मी हात पुढं केला तर म्हणाले, “जावईबापू, बाजूला व्हा.” उतरले. वर येताना मात्र त्यांनी माझा हात धरला. पेवाच्या काठावर बसले, डोळे मिटून. तू विचारलंस, “नाना, किती वेळ होता असं वाटलं?”

“दीड तास तरी आसंल.” मग म्हणाले, “हे काळं आन ते पांढरं. पर एकच. बर्फातल्या चौकीवर आमी दोघं आसंच बसलो हुतो. संगं शिदू हुता, कराडकडचा. त्याला गोळी लागली हुती. आन मी त्येला—”

“नाना, नऊ मिनिटं झाली फक्त,” मी म्हणालो.

नाना थांबले. “नऊ?” त्यांनी डोळे उघडले, माझ्या मनगटाकडे पाहिलं. “बरं, बरं.” धोतर झटकून उठले आणि आण्णांना म्हणाले, “चा हाय का?”

त्यानंतर तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी ताट वाढताना म्हणालीस, “चाळीस वर्षांत नाना पहिल्यांदा त्याबद्दल बोलायला लागले होते. आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही त्यांचा दीड तास काढून घेतलात.”

मी म्हणालो, “खोटं कशाला वाटू द्यायचं?”

तू म्हणालीस, “खोटं काय होतं त्यात?”

मी आवाज चढवला. तुला वाटलं, मी बरोबर ठरायला बोललो. तसं नव्हतं गं. नानांचा खालचा ओठ थरथरत होता, ते मी पाहिलं. ते आता रडणार, आणि माझ्यासमोर सासरा रडलेला मला बघवणार नाही, एवढंच डोक्यात आलं. कसंही करून थांबवायचं होतं. हातात घड्याळ होतं, तेच पुढं केलं. हे त्याच वेळी सांगितलं असतं तर तू कदाचित हसली असतीस. मी सांगितलं नाही. मग तो विषय निघाला की आपण दोघंही दुसरंच काहीतरी बोलायचो.

पुढं गौरी-गणपतीत तुझं पोट दुखायला लागलं. पित्त म्हणून आठ दिवस काढलेस. सांगलीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या बघितल्या, तुला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. म्हणाले, “तीन महिने. फार तर चार.” मी बाहेर आलो. तू बाकावर बसून समोरच्या बाईच्या मांडीवरच्या बाळाला बोट देत होतीस.

“काय म्हणाले?”

“औषधं बदलायची म्हणाले.”

“बरं,” म्हणालीस. माझ्याकडे जरा वेळ पाहिलंस. मग म्हणालीस, “चला, भडंग घेऊन जाऊ. पोरीला पण पाठवू.”

दुकानात तू भडंग चाखून बघत होतीस, आणि मी तुझ्या मागं उभा राहून दिवस मोजत होतो. पुढचे तीन महिने मी तेच केलं. तुला औषध देताना, पेपर वाचताना, दाराला कडी लावताना. एकतीस वर्षं लोकांच्या मिनिटांचा हिशेब ठेवणारा मी, मला मिळालेली सगळ्यात मोठी वेळ तुझ्यापासून लपवत होतो. मनाशी म्हणायचो, तिचाच नियम पाळतोय, खरी वेळ कुणाला सांगायची नाही. पण तू तो नियम पेवासाठी केला होतास.

आणि तू? पलंग खिडकीजवळ ओढून घेतलास. दुपारी चारचा भोंगा झाला की मला हाक मारायचीस, “आवं, रेघ.” भिंतीवर उन्हाची कड जिथं असेल तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारायची. पहिले काही दिवस मी तुझं मन रमावं म्हणून मारल्या. मग माझ्या लक्षात यायला लागलं की भोंगा तोच, चारचाच, आणि ऊन रोज दुसरीकडं. आधी एका बाजूला सरकत गेलं, मग थांबल्यासारखं झालं, मग परत फिरलं. चार म्हणजे चार, असं मी जन्मभर समजत होतो. ती तुझी शेवटची मांडणी, आणि तिच्यातल्या सगळ्या रेघा माझ्या हातच्या आहेत. काही वाकड्या आहेत. तू एकदाही त्या नीट काढा म्हणाली नाहीस. त्यासाठी तुझे आभार मानायचे राहिले.

तीन महिने संपले. चौथाही संपला. आता मोजायला काही उरलं नव्हतं, आणि मी रोज सकाळी दचकून उठायचो. जानेवारीत तू म्हणालीस, “हरिपूरला जाऊ या. तुम्ही एकदा पेवात उतरा. सगळ्यांना उतरवलंत, स्वतः नाही उतरलात.” आण्णांनी चिंचेखाली तुझ्यासाठी खुर्ची टाकली. घड्याळ मी आण्णांकडं दिलं आणि उतरलो.

वर आलो तेव्हा तू विचारलंस, “किती वेळ होता असं वाटलं?”

“अकरा मिनिटं.”

आण्णा घड्याळ बघून म्हणाले, “बराब्बर अकरा!”

“कसं काय?” तू म्हणालीस.

“मोजत होतो. एक, दोन, तीन.”

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला, आण्णा पाणी आणायला धावले. हसू ओसरल्यावर म्हणालीस, “म्हणजे तुम्ही खाली गेलाच नाही.”

अलका, मी गेलो होतो. तो थेंब, तो वास, तो काळोख, सगळं मला भेटलं. पाटावर बसल्या बसल्या पहिल्यांदा मनात आलं, की डॉक्टरांची मुदत उलटून गेलीय आणि वर चिंचेखाली तू बसलीयस. मोजणं थांबवलं असतं तर मी तिथं ओरडलो असतो. ओरडणं वर ऐकू गेलं असतं. म्हणून मोजत राहिलो. तू हसत होतीस तेव्हा हे तोंडाशी आलं होतं. आण्णा पाणी घेऊन आले आणि ते राहिलं.

तुझी शेवटची सकाळ मला लिहायची नव्हती. पण नानांनी आज विचारलं, त्यामुळं लिहितो. सव्वासातला तुझा श्वास बदलला. पोरगी डॉक्टरांना फोन लावत होती. मी तुझा हात धरून बसलो. नाना निघाले होते, कराडपर्यंत आले होते. आठ वाजून पाच मिनिटांनी संपलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं मी पाहिलं, आणि पाहिलं याचा मला त्याच क्षणी राग आला.

आज स्टँडवर गाडीला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. बारा दिवस नाना फारसे बोलले नव्हते. पिशवी मांडीवर घेऊन म्हणाले, “जावईबापू, एक इचारतो. खरं सांगायचं.”

“विचारा, नाना.”

“शेवटाला पोरीला किती येळ तरास झाला?”

“आता कशाला ते?”

“न्हाई. आसं करू नगा.” ते समोरच्या फलाटाकडं बघत बोलत होते. “शिदू माझ्या मांडीवर दिसभर तळमळत हुता. सुटीवर आलो तवा त्याच्या आईकडं गेलो. तिनं हेच इचारलं. मी म्हनलं, गोळी लागली आन लगीच गेला. ती म्हनली, बरं झालं रं बाबा, तरास न्हाई झाला. मग दरसाल मला बोलवायची, जेवू घालायची. वीस वरसं तिच्या हातचं खाल्लं. दर घासाला वाटायचं, सांगावं. न्हाई सांगितलं. गेली ती तसंच धरून. मला तसलं सांगू नगा तुमी.”

मी म्हणालो, “पन्नास मिनिटं, नाना.”

त्यांनी मान हलवली. “लय तरास?”

“पहिली वीस मिनिटं फार. मग कमी कमी होत गेला.”

“हात धरला हुता?”

“धरला होता.”

“सोडला न्हाई?”

“नाही.”

“मग बरं.” त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. माझ्यासमोर, सगळ्या स्टँडसमोर. मला ते बघवलं. मी काही बोललो नाही, घड्याळही पाहिलं नाही. गाडी लागली तसा मी त्यांना खिडकीजवळची जागा धरून दिली. गाडी सुटताना त्यांनी बाहेर वाकून म्हटलं, “त्या दिशी मला दीड तासच वाटला हुता बरं का. तुमी नऊ म्हनला, ते बी खरंच आसंल.”

नानांची गोष्ट पुरी झाली, अलका. ती तू ऐकायला हवी होतीस. मी ऐकली आणि घरी येईपर्यंत कुणाला तरी सांगावी असं वाटत होतं. घरात शिरल्यावर कळलं, कुणाला ते.

मघाशी भूपालआण्णांचा फोन आला. रविवारी कोल्हापूरची चित्रकलेची मुलं पेव बघायला येतायत, आधीच ठरलेलं होतं. “चालू ठेवू की बंद? तुमच्याच्यानं हुईल काय?” मी म्हणालो, “चालू ठेवा. मी येतो.” तीन नळ्यांचा वेग तू कसा लावायचीस ते मला नीट येत नाही. आज-उद्या जाऊन बघतो. थेंब सारखे पडायला लागले तर सगळंच बिघडेल.

आणि तुझा नियम मी थोडा बदलणार आहे. राग आला तर येऊ दे. आपणहून मी कुणाला वेळ सांगणार नाही. पण वर आल्यावर कुणी सरळ विचारलं, की काका, किती वेळ झाला, तर त्याला खरं सांगणार.

तू सात महिन्यांत एकदाही सरळ विचारलं नाहीस, की किती वेळ उरलाय. कळलं होतं म्हणून विचारलं नाहीस, की कळू नये म्हणून, हे मी तुझ्या चेहऱ्यावर रोज शोधत होतो. रेघ मारून वळलो की तू उन्हाकडं बघत असायचीस. मीही विचारलं नाही, की तुला काही विचारायचं आहे का. आणि तू विचारलंच असतंस, तर ते माझ्या तोंडून निघालं असतं का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.